केकच्या भांड्याला कागद लावताना तुम्ही नेमकं काय करता?

दुधसाखर (ठाणे, पाचपाखाडी) | शुक्रवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. पुढच्या रविवारी सासूबाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. घरचीच पंधरा-सोळा माणसं असतील. केक दुकानातून आणू म्हटलं तर त्यांनी सांगून टाकलं, "तुझ्या हातचा असेल तर खाईन, नाहीतर माझ्यासाठी शिरा कर." त्यांना माझा खजूर-अक्रोडाचा कणकेचा केक आवडतो. बिनअंड्याचा आहे, ओटीजीमध्ये १७० अंशांवर करते.

रंगीत तालीम म्हणून काल एकदा केला. ८ इंची गोल अ‍ॅल्युमिनियमचं भांडं, तळाला बटर पेपरची चकती, वरून तुपाचा हात. केक सुंदर फुगला, सुरी घातली तर कोरडी निघाली. पण उलटा केला तर वरचा भाग ताटात आणि खालचा बोटभर थर भांड्यातच! तो खरवडून काढला तर कागदाचे तुकडे पोस्टाच्या तिकिटासारखे चिकटून बसलेले. अर्धा तास नखाने कागद काढत बसले. चव छान होती, पण हे पाहुण्यांसमोर कसं ठेवणार?

म्हणून विचारते. तुम्ही कागद फक्त तळाला लावता की कडेलाही? कडेची पट्टी घड्या न पडता कशी बसवायची? कागदाला तूप लावायचं की नाही? अगदी पहिल्यापासून सांगितलंत तरी चालेल.

ओवा (खारघर) | ९:३०

मी कागद लावतच नाही. भांड्याला सगळीकडे तूप चोळायचं, चमचाभर मैदा टाकून भांडं फिरवायचं, उलटं करून थापटायचं की जास्तीचा मैदा पडतो. वीस वर्षं असंच करते आहे. माझ्या आईचा रवा केकही असाच निघायचा, अख्खा.

नेरूळकर | ९:४१

तळाला कागद हवाच. कडेला नसला तरी भागतं, कारण कडेतून सुरी फिरवता येते. तळाखाली सुरी जात नाही.

चिमणघर (कळवा) | ९:४४

+१ नेरूळकर. एवढ्या एका वाक्यात सगळं आलं.

गणितमास्तर (ऐरोली) | १०:०५

कडेची पट्टी कापताना बहुतेक जण अंदाजाने कापतात आणि ती दोन बोटं कमी पडते. मग तिथे दुसरा तुकडा जोडतात आणि नेमका त्याच जोडातून घोळ आत शिरतो. शाळेतलं सूत्र इथे थेट कामाला येतं. घेर म्हणजे व्यास गुणिले २२/७. ७ इंची भांड्याला बरोबर २२ इंच. ८ इंचीला २५ इंचांहून किंचित जास्त. त्यात एक इंच एकावर एक येण्यासाठी धरा, म्हणजे तुमच्या भांड्याला सव्वीस-साडेसव्वीस इंचांची पट्टी लागेल. रोलच्या लांबीच्या दिशेने कापलीत तर अख्खी निघते, जोड द्यावा लागत नाही.

आणि पंधरा-सोळा माणसांना ८ इंची एक केक पुरेल का, तेही बघा. ८ चं भांडं सोडून १० इंची घेतलंत तर तळाचं क्षेत्रफळ ६४ ला १०० या प्रमाणात वाढतं, म्हणजे दीडपटीहून थोडं जास्त. व्यास दोनच इंचांनी वाढलेला दिसतो म्हणून आपण तेवढंच मिश्रण ओततो आणि केक भाकरीएवढा उंच होतो.

दुधसाखर | १०:१८

मास्तर, हे लक्षातच आलं नव्हतं. १० इंची भांडं माझ्या ओटीजीत मावणार नाही, त्यामुळे ८ इंची दोन करेन.

कात्रीवाली (ठाणे, वर्तकनगर) | १०:५०

दुधसाखर ताई, मी सोसायटीतल्या मुलींना केक शिकवते तेव्हा पहिला अर्धा तास फक्त कागद कापायला लावते. त्यांना कंटाळा येतो, पण नंतर त्याच मुली फोन करून सांगतात की केक एकसंध निघाला. म्हणून सविस्तर लिहिते.

तळाची चकती: भांडं कागदावर ठेवून पेन्सिलीने आखलंत तरी चालतं, फक्त रेघेच्या आतून कापायचं. बाहेरच्या कडेने आखलेली चकती भांड्याच्या जाडीएवढी मोठी होते, मग तिची कड वर वळते आणि तिथे केकला खाच पडते. पेन्सिलीची बाजू खाली ठेवायची. माझी पद्धत घडीची आहे. भांड्यापेक्षा मोठा चौकोनी कागद घ्यायचा. अर्धा दुमडा, पुन्हा अर्धा, मग कोपऱ्यातून तिरका दुमडून त्रिकोण करा, तो अजून एकदा दुमडा. भेळेच्या पुड्यासारखा निमुळता आकार होतो. त्याचं टोक भांड्याच्या मधोमध ठेवायचं आणि कड जिथे येते तिथे कात्रीने कापायचं, थोडंसं गोलसर. उघडलं की चकती तयार.

कडेची पट्टी: भांड्याच्या उंचीपेक्षा वर एक इंच आणि खाली पाऊण इंच जास्त ठेवा. तुमचं भांडं ३ इंच उंच असेल तर पट्टी पावणेपाच इंच रुंद. खालचा पाऊण इंच दुमडायचा, घडीवर नख फिरवायचं, आणि त्या दुमडलेल्या भागात बोटाच्या अंतराने तिरक्या चिरा द्यायच्या, घडीपर्यंतच. परकराच्या घेराला आतून चिरा देतात तशा. पट्टी भांड्यात उभी केली की खालचे तुकडे एकावर एक बसून तळावर आडवे होतात आणि कोपरा बरोबर काटकोनात येतो. आधी पट्टी, मग तिच्यावर चकती. हा क्रम उलटा केलात तर चिरांतून मिश्रण खाली उतरतं.

चिकटवायला भांड्याला तूप लावायचं, कागदाच्या खाली. एवढं पुरतं. चांगल्या बेकिंग पेपरला वरून तूप लावायची गरज नाही.

कागद फार ताठ असेल, गुंडाळीमुळे पुन्हा पुन्हा वळत असेल, तर चक्क पाण्याखाली धरून मुठीत चुरगळा, पिळा आणि पसरा. पंचासारखा मऊ होतो आणि हवा तसा बसतो. कडेला बारीक सुरकुत्या उमटतात, त्या मला तरी छान दिसतात.

ओवा | ११:०२

कात्रीवाली, एका केकसाठी एवढा खटाटोप? तेवढ्या वेळात माझा केक ओव्हनमध्ये गेलेला असतो.

कात्रीवाली | ११:१०

सवय झाली की पाच मिनिटं लागतात. आणि खजुराच्या केकला तूप-मैदा पुरेसा नाही असं माझं ठाम मत आहे. खजूर, गूळ, केळं, आंबा, यांच्यातली साखर तळाला जाऊन पाकासारखी धरते. साध्या रवा केकचा अनुभव याला लावू नका.

सुगंधी_केवडा (बेलापूर) | शनिवार, सकाळी ७:२०

कागदाची चर्चा वाचताना आजीचं धोंडस आठवलं. आमचं गाव देवगडकडे. जून काकडी किसून तिच्या रसात तांदळाचा रवा, गूळ, खोबरं शिजवायचं, मग ते पितळी पातेल्यात ओतायचं. पातेल्याच्या तळाला आणि कडेला आजी केळीचं पान लावायची. नुसतं लावलं तर ते शिरेवर फाटतं, म्हणून आधी चुलीच्या जाळावरून झरझर फिरवायची. पान फिकं हिरवं असतं, ते एकदम गडद आणि तुकतुकीत होतं, आणि मग रुमालासारखं दुमडतं. मधली जाड शीर काढून टाकायची, चकाकणारी बाजू वर. पातेल्यावर ताटली, ताटलीत निखारे, खाली मंद विस्तव. धोंडस उतरवलं की उलटं करायचं आणि पान अलगद सोलायचं. तळाला पानाच्या शिरांची नक्षी उमटलेली असायची. आम्ही मुलं त्या नक्षीच्या तुकड्यासाठी भांडायचो.

आमच्याकडे बेकिंग पेपर नव्हता, पण त्याचं काम करणारी वस्तू परसात उगवत होती.

चिमणघर | ७:५५

किती सुंदर लिहिलंय! आमच्याकडे हळदीचं पान असायचं, पातोळ्यांना लावतात तेच. केकला मात्र आई वर्तमानपत्र लावायची. वर्तमानपत्राला तूप चोळून कुकरमध्ये, कुकरच्या तळाला वाळू. एकदा केकच्या बुडाला उलट्या अक्षरांत बातमी उमटली होती, ती बाबांनी आरशात धरून वाचली.

नेरूळकर | ८:१०

आठवण गोड आहे, पण आता कुणी हे करू नका. छपाईची शाई खाण्यासाठी नसते, आणि तूप व उष्णता मिळाली की ती सुटून अन्नात उतरते. अन्न वर्तमानपत्रात बांधायला २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी मनाईच आहे, मग त्यावर केक भाजणं तर दूरच. वड्याखालचा कागद सोडायला लोक अजून तयार नाहीत, पण घरात तरी आपल्या हातात आहे.

रसायन (वाशी) | ८:४०

दुधसाखर, मूळ प्रश्नाकडे येतो. तुम्ही लिहिलंत "बटर पेपर". तो कुठून आणलात? घडीचा होता की गुंडाळी? रंग कसा होता? हे विचारण्याचं कारण आहे, सांगा म्हणजे लिहितो.

दुधसाखर | ९:०५

घरातच होता. मुलगी आर्किटेक्चरला आहे, तिच्या सामानात बटर पेपरची मोठी गुंडाळी असते. पांढरट, अर्धपारदर्शक. नाव तेच, म्हणून त्यातलाच कापला.

रसायन | ९:३२

सापडलं! तो नकाशे गिरवायचा कागद आहे. आपल्याकडे त्यालाही बटर पेपरच म्हणतात आणि स्टेशनरीच्या दुकानात त्याच नावाने मिळतो. तो अन्नासाठी केलेला नसतो आणि त्याला केक न चिकटण्यासाठीचा कोणताही थर नसतो. ओलावा लागला की तो लगद्यासारखा मऊ होऊन फाटतो. तुमच्या केकला चिकटलेले तुकडे तेच सांगतात. कृपया तो पुन्हा वापरू नका.

बटर पेपर या एका नावाखाली बाजारात निदान तीन वस्तू फिरतात. पहिली ही गिरवायची. दुसरी मिठाईच्या खोक्यात, सँडविचखाली असते ती. लगदा खूप घोटून तो कागद दाट करतात, त्यामुळे तूप झिरपत नाही. पण तूप न झिरपणं वेगळं आणि केक न चिकटणं वेगळं. असा कागद केकला वापरायचा तर वरच्या बाजूला तूप लावावंच लागतं. तिसरा मेणाचा. मेण साधारण ६० अंशांच्या आसपासच पातळ होतं, आणि आपण केक १७० वर भाजतो, म्हणजे ते वितळून केकमध्ये जातं, उघड्या भागावर धूर होतो. नखाने खरवडून बघा, नखात पांढरट मेण आलं तर तो ओव्हनमध्ये घालू नका.

खरा बेकिंग पेपर म्हणजे पार्चमेंट. कागद सल्फ्युरिक अ‍ॅसिडच्या द्रावणातून झटकन काढून धुतात. तंतूंचा वरचा भाग विरघळून एकमेकांत मिसळतो, छिद्रं बुजतात, आणि कागद ओला झाला तरी फाटत नाही. कात्रीवालींनी सांगितलेली पाण्यात चुरगळण्याची युक्ती याच कागदाला जमते, गिरवायच्या कागदाचा चोथा होईल. त्यावर सिलिकॉनचा पातळ थर असतो, त्यामुळे केक सुटतो. खोक्यावर किती अंशांपर्यंत चालतो ते छापलेलं असतं, बहुतेकांवर २२० च्या आसपास. खोक्यावर बेकिंग किंवा पार्चमेंट असा शब्द आणि तापमान, दोन्ही असतील तरच घ्या. तपकिरी असो वा पांढरा, कामात फरक नाही. पांढरा फक्त रंग काढलेला असतो.

दुधसाखर | ९:५०

रसायन, मनापासून धन्यवाद. मी स्वतःच्या हाताला दोष देत बसले होते! मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, त्याच्यावर माझ्या बंगल्याचा प्लॅन होता." म्हणजे एका बाजूला पेन्सिलसुद्धा असणार. उरलेला केक टाकून दिला.

खिडकीपाशी (घोडबंदर रोड) | १०:१५

रविवारचा केक कागदोपत्री व्यवस्थित पार पडो, ही शुभेच्छा!

भट्टीवाला (वाशी) | दुपारी १:३०

माझं आयुष्य बेकरीत गेलं, आता मुलगा बघतो. दोन शब्द लिहितो.

बेकरीत जुन्या साच्यांना कागद लागत नाही, कारण ते वर्षानुवर्षं तेल पिऊन काळे झालेले असतात. नवा साचा आला की त्याला तेल लावून रिकामाच भट्टीत ठेवायचा, दोन-तीनदा. मग तो धरत नाही. ओवाताईंचं भांडं वीस वर्षांचं आहे. त्यांना कागद लागत नाही यात त्यांच्या हाताइतकाच त्या भांड्याचाही वाटा आहे. दुधसाखरताईंचं भांडं नवं चकचकीत असेल तर दोघींचा निकाल एक येणार नाही. ओवाताई, तुमचं भांडं तारेच्या घासणीने कधी घासू नका.

दुसरं, केक उलटा कधी केलात? भट्टीतून काढून दहा-पंधरा मिनिटांनी साच्यातून काढायचा. गरमागरम काढला तर मोडतो, फार वेळ ठेवला तर आतली वाफ तळाला पाणी होऊन साचते, मग तळ ओला होऊन धरतो.

दुधसाखर | २:१०

दादा, दीड तासाने केला. सोसायटीची मीटिंग लागली होती, खाली गेले आणि अडकले.

भट्टीवाला | २:१५

मग कागद आणि वाफ, दोघांनी मिळून केलं ते.

ओवा | ३:००

भट्टीवाले दादा, तुमचं पटलं. भांडं खरंच काळं आहे आणि मी ते कुणाला घासू देत नाही. गेल्या महिन्यात सुनेच्या नव्या भांड्यात केळ्याचा केक केला होता, तो तळाला धरला होता. तेव्हा मी पिठाला दोष दिला.

चाफेकळी (सानपाडा) | ४:२०

एक सावधगिरीची गोष्ट सांगायची आहे. माझ्या ओटीजीत वरची दांडी केकच्या फार जवळ येते. कडेचा कागद मी हौसेने तीन इंच वर ठेवला होता. पंखा चालू केल्यावर कागद हलला, दांडीला टेकला आणि काळा पडून पेटला. काचेतून ज्योत दिसली. दार न उघडता बटण बंद केलं, प्लग काढला, आपोआप विझलं. तेव्हापासून कागद भांड्याच्या वर एक इंचाच्या पुढे ठेवत नाही आणि भांडं मधल्या नव्हे, खालच्या फळीवर ठेवते. तूप लावून कागद भांड्याला नीट चिकटवला असला की पंख्याने हलत नाही. नाहीतर मोकळी कड केकवर पडते आणि तिथे केक फुगत नाही.

नेरूळकर | ४:३५

एअर फ्रायरवाल्यांनीही हे वाचा. रिकाम्या भांड्यात नुसता कागद घालून तापवायला ठेवला तर तो उडून वरच्या कॉइलला चिकटतो. वर वजन असेल तेव्हाच कागद घालायचा.

तलावपाळी (ठाणे) | सायंकाळी ६:४०

आमच्या शेजारी चर्चच्या बाजूला राहणाऱ्या एक ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या ख्रिस्ती समाजातल्या, आंटी होत्या. नाताळचा केक त्या दोन-अडीच तास मंद आचेवर भाजायच्या. इतका वेळ भाजलं की कडा मधल्या भागाच्या आधी करपतात, म्हणून आत कागदाचे दोन थर आणि भांड्याच्या बाहेरून तपकिरी कागदाची जाड पट्टी सुतळीने बांधलेली. सुतळीची गाठ मारताना माझं बोट गाठीवर धरायला लावायच्या. मी सात-आठ वर्षांची असेन. अजून सुतळी बांधताना ते बोट पुढे होतं.

बाहेरचा कागद उष्णता अडवतो हे मला खूप नंतर कळलं. माझ्या साध्या केकलाही मधोमध डोंगर येऊन भेग पडायची. आता जुन्या पंचाची ओली पट्टी पिळून भांड्याभोवती बाहेरून गुंडाळते. कडा सावकाश शिजतात, केक सपाट येतो.

चिमणघर | ७:०५

बेकरीचा विषय निघालाय तर, दिवाळीत नानकटाई भाजायला बेकरीत नेलेली आठवते का कुणाला? घरून मैदा, रवा, तूप, पिठीसाखर डब्यांतून न्यायची, तिथल्या पत्र्याच्या ट्रेवर आपणच गोळे मांडायचे. आपला ट्रे कळावा म्हणून आई प्रत्येक नानकटाईवर चारोळी तिरकी लावायची.

भट्टीवाला | ७:३०

धनत्रयोदशीच्या आधीचे चार दिवस रात्रभर तेच काम असायचं. ट्रेला कागद नाही, काही नाही. नानकटाईत तूपच इतकं, ती कशाला चिकटेल! बायका फळीवर बसून असायच्या, भट्टीचं दार उघडलं की आपला ट्रे पहिला ओळखायच्या. तिरकी चारोळी लावणारीही एक होती आमच्याकडे, पण ती कळव्याची नव्हती.

कात्रीवाली | ७:५०

विषयाला धरून अजून एक. चौकोनी किंवा ब्रेडच्या लांबट भांड्यात सगळीकडे कागद लावू नका. एकच लांब पट्टी घालून दोन बाजूंनी बाहेर लोंबती ठेवा, झोळीसारखी. केक झाला की दोन्ही टोकं धरून झोळी उचलायची. उलटा करायचाच नाही, त्यामुळे वरची अक्रोडाची सजावट शाबूत राहते. उरलेल्या दोन बाजूंना तूप लावा.

रसायन | ८:१५

आणि जिथे कागद आणि तूप दोन्ही लावायचं नाही असाही एक केक आहे. मुख्यतः अंड्याच्या फेसावर फुगणारा शिफॉन. त्याचं मिश्रण भांड्याच्या भिंतीला धरून वर चढतं. भिंत गुळगुळीत केलीत तर ते घसरतं आणि केक बसतो. तो भांड्यासकट उलटा टांगून गार करतात आणि मग सुरीने सोडवतात. दुधसाखरताईंच्या केकशी संबंध नाही, पण कुणीतरी हा धागा वाचून शिफॉनला कागद लावेल म्हणून लिहिलं.

खिडकीपाशी | ८:४०

कागद ठाण्यात कुठे मिळेल? आमच्या जवळच्या दुकानात फक्त फॉइल आहे. फॉइल चालेल का?

कात्रीवाली | ८:५५

जांभळी नाक्याच्या बाजारात कागदी डिशा, खोकी विकणारी होलसेल दुकानं आहेत, तिथे विचारा. रसायन यांनी सांगितलेले दोन शब्द खोक्यावर बघूनच घ्या. फॉइलला तूप लावलं नाही तर केक चिकटतो, सुरकुत्या केकमध्ये रुततात, आणि काढताना फॉइलचे कण राहतात. अगदी अडलंच तर नीट सपाट करून, तूप लावून. मायक्रोवेव्हच्या साध्या मोडवर मात्र फॉइल अजिबात नको, ठिणग्या उडतात.

सुगंधी_केवडा | ९:२०

दुधसाखर, तुमच्या सासूबाई कुठल्या?

दुधसाखर | ९:२६

राजापूरच्या.

सुगंधी_केवडा | ९:२८

मग दोनांतल्या एका केकला केळीचं पान लावून बघा.

दुधसाखर | बुधवार, रात्री १०:१०

पुन्हा तालीम केली. जांभळी नाक्याहून बेकिंग पेपर आणला, खोक्यावर दोन्ही शब्द बघून. पट्टी साडेसव्वीस इंच, रुंदी पावणेपाच. पहिल्यांदा चिरा घडीच्या पुढे गेल्या आणि पट्टी फुकट गेली. दुसऱ्यांदा मुलीने तिच्या कटरने दिल्या, पट्टीवर मोजून, एकसारख्या. आधी पट्टी, मग चकती. गजर लावून बाराव्या मिनिटाला केक उलटा केला.

कागद सोलताना टोक धरून स्वतःकडे ओढलं, वर उचललं नाही. तो मिठाईवरच्या वर्खासारखा निघत गेला. खाली खजुराचा गडद, ओलसर तळ, त्यावर घडीच्या बारीक आठ रेघा. कागदाला एकही कण नाही. मी आणि मुलगी ओट्यापाशी उभ्या राहून त्या तळाकडेच बघत होतो.

ओवा | १०:२५

बाराव्या मिनिटाचा गजर मीही लावणार आता. आणि सुनेच्या भांड्यासाठी कागद मागवला आहे.

गणितमास्तर | १०:४०

घडीच्या रेघा सोळा यायला हव्यात. एकदा कमी दुमडला असेल.

दुधसाखर | १०:४४

हो मास्तर, शेवटची घडी राहिली होती. म्हणून चकती जरा कोनाकोनाची झाली. रविवारी सोळा करते.

दुधसाखर | रविवार, रात्री ११:०५

सगळे गेले, आता लिहायला बसले.

दोन केक केले. एक कागद लावून ओटीजीत, सोळा रेघांचा. दुसरा कुकरमध्ये, रिंग आणि शिटी काढून, खाली मीठ आणि त्यावर जाळी. त्याला केळीचं पान, गॅसच्या आचेवरून फिरवून. चिमणघरच्या आईची वाळू मिळाली नाही, मीठ चाललं. कुकरला ओटीजीपेक्षा दहा मिनिटं जास्त लागली. पानाची वरची कड वाळून कुरकुरीत झाली होती, पण खालचं पान मऊच होतं आणि अख्खं सोललं गेलं. केवडाताई, नक्षी आली! मधल्या शिरेच्या जागी रेघ आणि तिच्यातून दोन्हीकडे बारीक रेघा.

कापायला कागदाचा केक घेतला, कारण तो उंच आणि सरळ होता. पानाचा केक सासूबाईंच्या पुढे नुसता ठेवला. त्यांनी तो आधी हुंगला. मग म्हणाल्या, "तळ वर कर." सुरी बाजूला ठेवून हातानेच शिरेच्या रेघेवरून तुकडा मोडला आणि धाकट्या जावेच्या मुलाला दिला. दुसरा स्वतः खाल्ला. मग सगळ्यांना कागदाच्या केकचे तुकडे वाटले आणि पानाचा उरलेला डब्यात भरून स्वतःच्या खोलीत नेला.

सुगंधी_केवडा | ११:१८

आजी असती तर तिला वाचून दाखवलं असतं.

भट्टीवाला | ११:२०

काकूंना आमचा नमस्कार सांगा.

ओवा | ११:३१

कणकेचं, खजुराचं प्रमाण टाका ना. दोन्ही भांड्यांना एकच मिश्रण होतं का?

दुधसाखर | ११:४०

एकच होतं. प्रमाण उद्या सकाळी वजन करून लिहिते, मी वाटीने घेते. आता भांडी घासायची आहेत. केकचं भांडं नुसतं पुसून तेलाचा हात लावून ठेवलं आहे, घासायला टाकलेलं नाही.